संख्यांच्या आज्ञेत चालणारी यंत्रे आणि बदलता अभ्यासक्रम

बंगळूरच्या दक्षिणेस जयनगर ही वसाहत 1948 साली आकार घेऊ लागली, तेव्हा लेथचे चाक किती फिरवावे हे कारागिराची बोटे ठरवीत असत. चारच वर्षांनी, 1952 साली, अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेने छिद्रित पट्टीवरील संख्यांच्या आज्ञेने चालणारे मिलिंग यंत्र दाखविले. बंगळुरास 1953 साली हिंदुस्थान मशीन टूल्स हा कारखाना आणि 1962 साली मध्यवर्ती मशीन टूल संस्था स्थापन झाली. यंत्रे घडविणारी यंत्रे येथे तयार होऊ लागली.

कालांतराने छिद्रित पट्टी गेली व तिच्या जागी संगणक आला. अशा यंत्रांना सीएनसी यंत्रे म्हणतात. मग महाविद्यालयांत काय शिकवावे? कर्नाटकातील बहुसंख्य अभियांत्रिकी महाविद्यालयांचा अभ्यासक्रम बेळगाव येथील विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठ ठरविते. त्याचे आराखडे 2018, 2022 अशा वर्षांच्या नावांनी ओळखले जातात. प्रत्येक आराखड्यात नवे विषय येतात; तासांची संख्या मात्र मर्यादितच असते.

छिद्रित पट्टीची रचना आज इतिहासापुरती सांगितली तरी चालेल. परंतु काही गोष्टी जुन्या होत नाहीत. 20 मिलिमीटर व्यासाच्या हत्याराने मिनिटास 100 मीटर वेगाने धातू कापावयाचा असेल, तर हत्याराने मिनिटास सुमारे 1,592 फेरे घेतले पाहिजेत. हे गणित हातयंत्रावर जसे खरे होते, तसेच संगणकाच्या यंत्रावरही खरे आहे.

संगणकाच्या पडद्यावर यंत्राचे चलन आधी पाहता येते. त्यामुळे धातू वाया जात नाही, व एका यंत्रामागे थांबलेल्या अनेक विद्यार्थ्यांना सराव मिळतो. परंतु पडद्यास सैल पकडलेला तुकडा किंवा बोथट झालेली धार दिसत नाही. काही यंत्रांच्या विशिष्ट मांडणीत 50 या संख्येपुढे दशांशचिन्ह न दिल्यास तिचा अर्थ 50 मिलिमीटर न होता त्याचा हजारावा भाग होतो. हत्यार दूर सरकले असे विद्यार्थी समजतो. प्रत्यक्षात ते जवळजवळ जागीच असते. पुढील वेगवान आज्ञेसरशी ते तुकड्यावर आदळते. पडद्यावरील मांडणी निराळी असेल, तर तेथे सारे सुरळीत दिसलेले असते.

म्हणून अभ्यासक्रम नवा करणे म्हणजे यंत्रशाळेचे तास काढून पडद्यास देणे नव्हे. आधी हातयंत्रावर धातूचा प्रतिकार अनुभवावा, मग आज्ञावली लिहावी, ती पडद्यावर तपासावी आणि शेवटी हत्यार तुकड्यापासून दूर ठेवून, एकेक आज्ञा सावकाश चालवून पाहावी, हा क्रम उपयुक्त ठरतो. यंत्र संख्या निमूटपणे पाळते. ती संख्या योग्य आहे की नाही, याचा निर्णय मात्र माणसासच घ्यावा लागतो. तो निर्णय घेण्याची पात्रता देणे, हेच शिक्षणाचे प्रयोजन होय.