मुंबईची ताबेपावती

मुंबई इंग्रजांना आंदण मिळाली, हे शाळेच्या पुस्तकापासून आपल्या कानांवर आहे. पोर्तुगालची राजकन्या कातारिना, इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स, दोघांचे लग्न आणि आंदणात एक बेट. पुस्तकात गोष्ट एवढ्यावर संपते. पण लग्नाचा तह झाला २३ जून १६६१ रोजी, आणि बेट इंग्रजांच्या हाती आले १८ फेब्रुवारी १६६५ रोजी. त्यानंतरही तिथला कायदा, महसूल आणि जमिनीची मालकी नव्या सरकारच्या वहीत नीट बसायला आणखी सात वर्षे लागली. एक सरकार बंदर सोडते आणि दुसरे ते घेते तेव्हा नेमके काय काय हलवावे लागते, हे पाहायचे असेल तर मुंबईइतके बोलके प्रकरण दुसरे नाही. राजांच्या सह्या ही त्यातली सर्वांत सोपी बाब होती.

आधी हे बेट होते कोणाचे, ते पाहू. गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने १५३४ साली वसई आणि तिच्या ताब्यातली बेटे पोर्तुगिजांना दिली. उत्तरेकडचा त्यांचा सगळा थाट वसईला होता. मुंबई त्यांच्या लेखी नारळी, भातखाचरे आणि मासळी यांचे एक लहानसे ठिकाण. अशा जमिनी ते आपल्या मानकऱ्यांना वार्षिक खंडावर देत. मुंबई बेट १५५४ च्या सुमारास गार्सिया द ओर्ता या नामांकित वैद्याकडे आले. भारतीय औषधींवरचा त्याचा ग्रंथ गोव्यात छापला गेला, तो हाच ओर्ता. बेटाचा खंड होता वर्षाला १४३२॥ पारदाव. पुढे ती जहागीर हातोहात फिरत दोना इनेस द मिरांदा या विधवेकडे आली. बेटाची मालकीण म्हणूनच तिला ओळखत. म्हणजे एकाच भातखाचरावर राजाचा हक्क, जमीनदारणीचा हक्क, कुळाचा हक्क आणि पाद्र्यांच्या मठांचे हक्क, असे थरावर थर बसलेले होते. तहाच्या कागदावर ‘मुंबईचे बंदर आणि बेट’ असे लिहिताना यातला एकही थर कोणी उकलून पाहिला नव्हता.

इंग्रजांचा डोळा या जागेवर जुनाच होता. १६२६ साली त्यांनी आणि डचांनी मिळून बेटावर छापा घातला आणि मालकाचा वाडा जाळला. सुरतेच्या वखारीतले व्यापारी मोगल सुभेदाराच्या मर्जीवर जगत होते. स्वतःची तटबंदी असलेली जागा त्यांना हवी होती. इकडे पोर्तुगालची कोंडी झाली होती. घरी स्पेनशी स्वातंत्र्याचे युद्ध, समुद्रावर एकेक ठाणे गिळत चाललेले डच. इंग्रजी आरमाराचा आधार मिळावा म्हणून लिस्बनने टँजिअर दिले, रोकड कबूल केली आणि मुंबईही दिली.

सप्टेंबर १६६२ मध्ये लॉर्ड मार्लबरोचे आरमार मुंबईच्या खाडीत येऊन उभे राहिले. या मोहिमेवर सुमारे चारशे शिपाई होते, आणि बेटाचा ताबा घेण्यासाठी नेमलेला सर अब्राहम शिपमन मागून येत होता. याच आरमारातून पोर्तुगालचा नवा व्हाइसरॉय अँतोनियो द मेलो ए कास्त्रो हाही आला होता, बेट सोपवायचे राजाचे हुकूम घेऊन. आणि त्यानेच बेट द्यायला नकार दिला. आधी कारण सांगितले की शिपमन अजून पोहोचायचा आहे. तो आल्यावर सांगितले की त्याच्या अधिकारपत्राचा नमुना बरोबर नाही, सह्या-शिक्क्यांत खोट आहे. कारकुनी हरकतींच्या आड एक राज्यकर्ता आपले बंदर वाचवू पाहत होता. हा माणूस मला या प्रकरणात सर्वांत दूरचे पाहणारा वाटतो. इंग्रज ज्या दिवशी मुंबईत पाय रोवतील त्या दिवशी हिंदुस्थान आपल्या हातून गेले असे समजावे, अशा अर्थाचे पत्र त्याने आपल्या राजाला लिहिले. लिस्बनला नकाशावर एक लहानसे बेट दिसत होते. त्याच्या डोळ्यांपुढे बेटामागची ती अफाट निवाऱ्याची खाडी होती, जिथे पावसाळ्यातही गलबते नांगरून राहू शकतात.

मग शिपमनने माणसांना ठेवायचे कुठे? सुरतेला उतरवावे तर मोगल अधिकारी बिथरले. अखेर ही फौज कारवारजवळच्या अंजदीव बेटावर गेली आणि तिथे आदेशाची वाट पाहत बसली. पाऊस, ताप, सडके अन्न. शिपाई मरत गेले, १६६४ साली शिपमनही गेला. त्याच वर्षाच्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी सुरत लुटली होती, कोकण किनाऱ्यावरचे सगळे हिशोब बदलत होते, आणि चार्ल्सच्या आंदणाची फौज एका उजाड बेटावर संपत चालली होती. शेवटी मुंबईत पोहोचले त्यांत साधे शिपाई उरले होते ९७.

शिपमनने मृत्युपत्रात आपला चिटणीस हम्फ्री कुक याला उत्तराधिकारी नेमले होते. पण राजाचे पत्र शिपमनच्या नावे असताना बेट कुकला देता येते का, हा प्रश्न गोव्यातल्या कायदेपंडितांपुढे गेला. लिस्बनहून दट्ट्या आलाच होता, तेव्हा निकाल होकारार्थी लागला. मात्र व्हाइसरॉयने ताबा देण्याआधी कुककडून एक करार करून घेतला, १४ जानेवारी १६६५ रोजी, पणजीला. बेट रोखता आले नाही, तर निदान त्याचे पंख छाटावेत, असा त्याचा रोख दिसतो. खाडीत पोर्तुगिजांच्या होड्यांना मोकळीक राहील आणि त्यांच्याकडून जकात घ्यायची नाही. धर्मात ढवळाढवळ करायची नाही. जमीनदारांच्या जमिनी त्यांच्याकडेच राहतील. दोना इनेसची मालमत्ता तिच्या हयातीत काढून घ्यायची नाही.

या करारातले एक कलम मी पुन्हा पुन्हा वाचतो. पोर्तुगीज हद्दीतल्या गावांचे कुणबी, भंडारी आणि इतर रयत यांना इंग्रजांनी मुंबईत थारा द्यायचा नाही. कोणी पळून आलाच तर त्याला लगेच त्याच्या धन्याकडे परत पाठवायचे. दोन राजे, एक व्हाइसरॉय, न्यायाधीश, सेनाधिकारी यांच्या या सगळ्या कागदपत्रांत आपली माणसे अशी अवतरतात: पळून जाऊ नयेत म्हणून बांधून ठेवायची मालमत्ता म्हणून. माड चढून ताडी काढणारा भंडारी, खाचरात राबणारा कुणबी, जाळी टाकणारा कोळी यांच्याशिवाय या बेटाला काडीची किंमत नव्हती. दोन्ही सरकारांना ते पक्के ठाऊक होते, म्हणून तर हे कलम आले. बंदर कोणाला द्यावे हे मात्र त्यांना कोणी विचारले नाही.

१८ फेब्रुवारीचा समारंभ झाला दोना इनेसच्या वाड्यात. गोव्याहून आलेले दोन अधिकारी, एक महसुलाचा आणि एक न्यायखात्याचा, लेखनिक आणि साक्षीदार हजर होते. अधिकारपत्रे वाचली गेली, मूळ प्रतींशी ताडून पाहिली गेली. मग कुकने, दस्तात लिहिल्याप्रमाणे, बेटाच्या जमिनीवर चालून दाखवले. माती आणि दगड हातांत घेतले. बुरुजांवर चढला, तिथे फिरला, भिंतींना हात लावला. कायद्याच्या रीतीने ताबा पुरा व्हायला जे जे करावे लागते ते ते त्याने केले आणि कोणी हरकत घेतली नाही, असा दाखला लेखनिकाने लिहून घेतला आणि खाली सह्या झाल्या. हे कागद आज आपल्याला सहज वाचता येतात याचे बरेचसे श्रेय मूळच्या गोव्याच्या आणि मुंबईत डॉक्टरी केलेल्या जुझे जेरसन द कुन्हा यांना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी मुंबईच्या उगमाचा इतिहास लिहिला, तो अशा दस्तांच्या आधारावर. आणि तो वाडा? एशियाटिक सोसायटीच्या मागे, नौदलाच्या आंग्रे तळाच्या आवारात त्याची जागा आहे.

भिंतीला हात लावून भिंत मिळाली. पण बेट कुठे संपते? इंग्रजांचे म्हणणे होते की लंडनला दाखवलेल्या नकाशात साष्टी आणि ठाणेही मुंबईतच धरलेले होते. पोर्तुगीज म्हणाले, मुंबई म्हणजे एवढे एकच बेट. माहीम, माझगाव, परळ, वरळी ही वेगळी. त्या काळी भरतीला ती खरोखरच वेगळी असत. कुकने यावर ओहोटीचा दाखला दिला: पाणी ओसरले की मुंबईहून माहीमला कोरड्या पायांनी जाता येते, मग ते दुसरे बेट कसले? आणि त्याने माहीम घेतले. पाण्याच्या चढउतारावर दोन युरोपीय राज्यांची हद्द ठरत होती, हे वाचताना आजच्या माहीमच्या खाडीकडे बघायची नजर बदलते. साष्टी मात्र पोर्तुगिजांकडेच राहिली, आणि ठाणे व करंजाही. म्हणजे कल्याणकडून येणारे लाकूड, धान्य, भाजीपाला मुंबईत पोहोचण्याआधी पोर्तुगीज नाक्यावरून जाई, आणि तिथे जकात द्यावी लागे. बंदर इंग्रजांचे, पण त्याच्या पाणवाटा दुसऱ्याच्या. चार्ल्सला पणजीचा करार कळला तेव्हा तो संतापला आणि त्याने तो मान्य केला नाही.

कुकच्या जागी सर जर्व्हेस लुकस आला, वर्षभराच्या आत वारला, मग हेन्री गॅरी. राजाला एव्हाना कळून चुकले होते की बेटाचे उत्पन्न कमी आणि खर्च फार. २७ मार्च १६६८ च्या सनदेने त्याने मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली, वर्षाला दहा पौंड सोन्यात, दर ३० सप्टेंबरला भरायचे. २३ सप्टेंबर १६६८ रोजी कंपनीच्या माणसांनी ताबा घेतला. हे दुसरे हस्तांतर सुरळीत झाले. राजाच्या फौजेतले बहुतेक शिपाई कंपनीच्या चाकरीत आले.

खरे काम आता उरले होते, आणि ते कंपनीचा मुंबईतला गव्हर्नर जेरल्ड आँजिए याने केले. बेटावर जमिनीचे वाद धुमसत होते. कोणाचा पट्टा खरा, पोर्तुगीज काळातल्या अटी कोणी मोडल्या, कोणाची जमीन आधीच्या गव्हर्नरांनी अन्यायाने जप्त केली, याचा गुंता असा होता की एकेक दावा चालवत बसले तर आयुष्य पुरले नसते. आँजिएने १६७२ साली बेटाच्या जमीनधारकांशी तोड काढली: कंपनी जुने दावे सोडून देते, जमीनधारकांनी मिळून दरसाल वीस हजार शेराफिन भरावेत. त्याच वर्षी ऑगस्टच्या १ तारखेपासून पोर्तुगीज कायदा जाऊन इंग्रजी कायदा लागू झाला आणि न्यायालय उघडले. म्हणजे कुकने माती हातात घेतल्यानंतर साडेसात वर्षे या बेटावर झेंडा इंग्रजांचा आणि कायदा पोर्तुगिजांचा होता. माझ्या मते मुंबई इंग्रजांची झाल्याची खरी तारीख हीच. महसूल कोणाकडे भरायचा आणि फिर्याद कोणापुढे न्यायची, हे बेटावरच्या माणसाला त्या दिवशी कळले.

आणि कुणबी-भंडाऱ्यांना थारा न देण्याचे ते कलम टिकले नाही. पोर्तुगिजांनी बेट सोडले तेव्हा तिथे दहा हजारांच्या आसपास वस्ती होती असे मानतात. कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर याने १६७० च्या दशकात ती साठ हजार धरली. त्याचा आकडा अदमासाचा आहे, पण माणसे लोटली होती यात शंका नाही: विणकर, व्यापारी, कारागीर, आणि खाडीपलीकडून निघून आलेली रयतही.

साष्टीचा वाद कागदावर कधीच सुटला नाही. १७३७ साली मराठ्यांनी ठाणे आणि साष्टी घेतली, १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांपुढे वसईने हात टेकले, आणि ज्यांच्याशी इंग्रज पाऊणशे वर्षे भांडत होते ते पोर्तुगीज त्या किनाऱ्यावरून उठले. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाण्याच्या किल्ल्यावर तोफा लावून तो मराठ्यांकडून घेतला, पाठोपाठ साष्टीही घेतली, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहात ती आपल्याकडे ठेवून घेतली.