विश्लेषण : दोन म्हाताऱ्या भावांचा अबोला पडद्यावर आला, तर त्यात नांदेड-लातूर दिसेल का?

शेजारी-शेजारी घरे, पण चाळीस वर्षे बोलणे बंद. निरोप द्यायचाच झाला तर चिठ्ठी कुत्र्याच्या तोंडी. आइसलँडच्या ‘रॅम्स’ चित्रपटातील गुम्मी आणि किड्डी या मेंढपाळ भावांची ही गोष्ट. नायगाव किंवा औशाच्या प्रेक्षकाला ती परकी वाटणार नाही. धुऱ्यावरून अबोला धरलेले दोन म्हातारे कोणत्या गावात नाहीत?

‘रॅम्स’मध्ये विशेष काय?

दिग्दर्शक ग्रिमुर हाकोनार्सन यांच्या या छोट्या चित्रपटाला २०१५ मध्ये कान महोत्सवात ‘अन सर्टन रिगार्ड’ विभागाचा मुख्य पुरस्कार मिळाला. मेंढ्यांत साथ येते, सगळे कळप मारावे लागतात आणि मग भावांना एकमेकांची गरज पडते. ना गाणी, ना तरुण नायक. दोन वृद्धच कथेच्या मध्यभागी. २०२० मध्ये ऑस्ट्रेलियात त्याची नवी आवृत्ती आली. तिथे बर्फाच्या जागी वणवा आला, कारण भांडण तेच असले तरी माती वेगळी होती.

मराठीत कोणाची भावकी दिसली?

महेश एलकुंचवार यांचे १९८५चे ‘वाडा चिरेबंदी’ हे नाटक आजही वाटणीच्या गोष्टीचा मानदंड आहे. पण ते विदर्भातल्या देशपांड्यांच्या वाड्याचे. वाडा नसलेल्या, दोन-तीन एकर कोरडवाहू असलेल्या भावांचे काय? देगलूर-बिलोलीकडे घरात तेलुगू, निलंगा-उदगीरकडे कन्नड, बाजारात दखनी, तांड्यावर बंजारा बोली. एक भाऊ दरवर्षी ऊसतोडीला जाणारा आणि दुसरा गावात राहिलेला, हा तिढा कोणत्याही वाड्याइतकाच नाट्यमय आहे. पडद्यावर मात्र गावाकडची भावकी म्हटली की अजूनही पाटलाचाच वाडा डोळ्यांपुढे येतो.

मग ‘पाणी’ने काय केले?

आदिनाथ कोठारे दिग्दर्शित ‘पाणी’ १८ ऑक्टोबर २०२४ रोजी प्रदर्शित झाला. नांदेड जिल्ह्यातील नागदरवाडीचे हनुमंत केंद्रे यांच्या जलसंधारणाच्या कामावर तो आधारलेला आहे. पर्यावरणविषयक चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला आधीच मिळाला होता. मराठवाड्यातल्या खऱ्या गावाचा खरा माणूस नायक झाला, हे महत्त्वाचेच. तरी एका चित्रपटाने काम भागत नाही. आपले ‘काय करायलास?’ मराठी पडद्यावर बहुतेक वेळा हशा पिकवायलाच येते. त्याच बोलीत एखादा म्हातारा रडताना क्वचितच दिसतो.

आणि बहीण कुठे आहे?

दोन भावांच्या गोष्टीत सर्वांत आधी गायब होते ती बहीण. महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हिस्सा दिला, पण अट होती की तोवर तिचे लग्न झालेले नसावे. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने ही अट गेली. वडील त्या दिवशी हयात होते की नाही हा मुद्दा नाही, मुलीचा हक्क जन्मतः आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या कायम राहतात. आज सत्तरी-पंचाहत्तरी ओलांडलेल्या अनेक भावांच्या वाटण्या त्याआधीच्याच. ज्या घरी वाटणी राहिली, तिथे बहिणीसमोर हक्कसोडपत्र येते आणि माहेर तुटू नये म्हणून ती सही करते. वर्षानुवर्षे एकमेकांचे तोंड न पाहणारे भाऊ नेमके त्या दिवशी दुय्यम निबंधक कार्यालयात एकत्र दिसतात. पटकथाकाराला याहून मोठा प्रसंग कुठे मिळणार?

असा चित्रपट परवडेल?

जयंत सोमलकर यांनी ‘स्थळ’ चंद्रपूर जिल्ह्यातल्या गावात, तिथल्याच लोकांना घेऊन केला. २०२३ मध्ये टोरांटो महोत्सवात त्याला नेटपॅक पुरस्कार मिळाला. म्हणजे मोठे नाव नसले तरी चालते. लोहा किंवा अहमदपूरच्या पारावर बसलेल्या म्हाताऱ्यांना अबोला कसा असतो ते शिकवावे लागणार नाही. चिठ्ठीसाठी कुत्राही नको. इथे निरोप नातवाच्या मोबाइलवरून जातो, आणि आजोबा शेजारी बसून विचारतात, ‘वाचलं का त्यानं?’