यंत्रांच्या खोडी आणि लिनक्सची वही

थ्रीजीच्या काळात इंटरनेटचा डोंगल लॅपटॉपला लावला की पडद्यावर आधी सीडीचं चित्र उमटायचं. त्या सीडीत विंडोजसाठीचं सॉफ्टवेअर असायचं. ते इन्स्टॉल झालं की डोंगल रूप पालटायचा आणि मोडेम म्हणून कामाला लागायचा. सॉफ्टवेअरची वेगळी तबकडी द्यायला नको, म्हणून उत्पादकांनी काढलेली ही सोय. लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम वापरणाऱ्याच्या पदरात मात्र नुसती सीडीच पडायची. ह्युआवेचा ई२२० हा त्यातला गाजलेला डोंगल. अखेर लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, त्याची खास नोंद झाली : या क्रमांकाचा डोंगल दिसला की आधी त्याला रूप बदलायचा आदेश द्या.

प्रोग्रॅमर अशा नोंदीला ‘क्वर्क’ म्हणतात. मराठीत तिला ‘खोड’ याहून नेमका शब्द सापडणार नाही. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, आणि यंत्राचंही तसंच आहे. आतलं सॉफ्टवेअर, म्हणजे फर्मवेअर, कारखान्यात एकदा भरलं की बहुतेक स्वस्त उपकरणांत ते पुन्हा कुणी बदलत नाही. मग सांभाळून घ्यायचं काम ऑपरेटिंग सिस्टिमच्या गळ्यात पडतं.

खरं तर यूएसबीचे नियम १९९६ पासून छापील आहेत. उपकरण खोचलं की संगणक त्याला रीसेट करतो, १८ बाइटचं ओळखपत्र मागतो आणि १ ते १२७ मधला एक पत्ता देतो. ओळखपत्रात दोन क्रमांक महत्त्वाचे : एक उत्पादकाचा, दुसरा वस्तूचा. पण बरेच उत्पादक नियमांचं पुस्तक पुढ्यात ठेवून माल तपासत नाहीत. विंडोजवर चाललं की माल बाजारात. विंडोज पत्ता देण्याआधीच ओळखपत्र मागतं आणि त्यासाठी ६४ बाइटची मागणी करतं. लिनक्स आधी पत्ता द्यायचं, मग ओळखपत्र वाचायचं. त्यामुळे विंडोजच्या क्रमाची सवय असलेली उपकरणं लिनक्सपुढे अडखळायची. शेवटी लिनक्सनेच विंडोजचा क्रम उचलला. तो फसला, तर जुना वापरून पाहिला जातो. दुसऱ्याची चूक आपल्या अंगावर घेण्यातला हा शहाणपणा दाद देण्याजोगा आहे.

सगळ्यात बोलकी खोड पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड रीडर अशा साठवणुकीच्या उपकरणांची. संगणक त्यांना विचारतो, ‘तुझ्या शेवटच्या कप्प्याचा क्रमांक काय?’ कप्पे शून्यापासून मोजायचे असतात. आपल्याकडे तळमजल्यासह चार मजले असतील, तर सगळ्यात वरचा मजला तिसरा, तसंच. म्हणजे १००० कप्पे असतील तर उत्तर ९९९ यायला हवं. काही उपकरणं ठोकून देतात, १०००! संगणकाला वाटतं, कप्पे १००१ आहेत. डिस्कच्या विभागणीची एक प्रत शेवटच्या कप्प्यात ठेवायची पद्धत असल्यामुळे तो तिथे डोकावतो. कप्पाच नाही म्हटल्यावर काही उपकरणं गोठून बसतात. एका आकड्याची चूक, आणि माणसाला वाटतं पेन ड्राइव्ह गेला. अ‍ॅपलच्या आयपॉडची अनेक मॉडेलं याच कारणासाठी लिनक्सच्या खोडींच्या यादीत आहेत. उपाय एवढाच : आलेल्या उत्तरातून एक वजा करा.

लॉजिटेकच्या सी९२० वेबकॅमची खोड वेगळी. ओळखपत्र वाचल्यावर त्याला क्षणभर उसंत द्यावी लागते. काही उपकरणं संगणकाबरोबर झोपतात, पण धड जागी होत नाहीत. त्यांना उठवण्याऐवजी थेट रीसेट करायचं.

साठवणुकीच्या उपकरणांची यादी ‘अनयूज्वल डेव्ह्ज’ नावाच्या फाइलमध्ये असते. नोंदी उत्पादकाच्या क्रमांकानुसार लावतात. कोणत्या आवृत्तीपासून कोणत्या आवृत्तीपर्यंत खोड आहे तेही लिहितात, कारण पुढच्या मालात ती दुरुस्त झालेली असू शकते. नोंद सुचवताना उपकरणाची पूर्ण माहिती जरूर द्यावी, अशी सूचना फाइलच्या माथ्यावरच आहे. हा कडकपणा योग्यच म्हणायला हवा. एकदा घुसलेली ओळ काढायची तर खात्री करायला तेच जुनं उपकरण कुणाकडे तरी असावं लागतं. कित्येक नोंदींवर ती खोड कळवणाऱ्याचं नावही आहे. या यादीला आधार आहे तो ज्यांच्या टेबलावर वस्तू अडली आणि ज्यांनी नीट कळवलं, अशा माणसांचा.

तेव्हा लिनक्सवर एखादं उपकरण रुसलं तर ते फेकू नका. ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा देऊन त्याचे दोन्ही क्रमांक टिपून घ्या, ‘डीमेसेज’मध्ये, म्हणजे कर्नलच्या संदेशांत, उमटलेल्या चुका जपून ठेवा. संगणक सुरू होताना ‘यूएसबीकोर.क्वर्क्स’ या सूचनेत ते क्रमांक आणि खोडीचं अक्षर देऊन पाहा. उसंत हवी असेल तर ‘जी’, रीसेट करून उठवायचं असेल तर ‘बी’. उपकरण चाललं, तर कर्नलच्या यूएसबी विभागाला जरूर कळवा.