जुन्या मस्टँगच्या डिकीला रिमोट बसवताना

फोर्डची मस्टँग १७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात लोकांसमोर आली. त्या काळातल्या फोर्ड गाड्यांना दोन चाव्या असत. एक इग्निशन आणि दारांची, दुसरी डिकीची. दोन्ही हातांत सामान असताना ती दुसरी चावी शोधणे आजही तितकेच जिकिरीचे आहे, म्हणून या गाड्यांचे अनेक मालक बटणाने किंवा रिमोटने उघडणारी डिकी करून घेतात. यातले विजेचे काम सोपे आहे. फसते ते लॅचपाशी आणि पत्र्यापाशी, म्हणून सुरुवात तिथून करू.

चावी फिरवल्यावर लॅचमधला एक छोटा लिव्हर सरकतो आणि पकड सुटते. आपल्याला तोच लिव्हर विजेने ओढायचा आहे. आधी लॅच खोलून रॉकेलने धुवा. पन्नास-साठ वर्षांचे ग्रीस वाळून मेणासारखे झालेले असते. मग नवे ग्रीस लावा, झाकण उघडे ठेवूनच स्क्रूड्रायव्हरने लॅच बंद करा आणि सामान तोलायचा स्प्रिंगकाटा लिव्हरला अडकवून हळूहळू ओढा. किती किलोला लॅच सुटते ते टिपून ठेवा. झाकण बंद असताना रबर बीडिंगचा दाबही लॅचवर येतो, म्हणून काट्यावर २ किलो दिसले तर ४ किलो ओढणारा सोलेनॉइड घ्यावा.

सोलेनॉइड म्हणजे तांब्याच्या तारेची गुंडाळी आणि तिच्या पोटात सरकणारा लोखंडी दांडा. वीज आली की चुंबकत्व दांड्याला आत खेचते. पण ही ओढ सगळीकडे सारखी नसते. दांडा बाहेर असताना ती सर्वांत कमी, आणि तो आत पोहोचता पोहोचता सर्वांत जास्त. बहुतेकांना हे ठाऊक नसते. दांडा पूर्ण बाहेर काढून, केबल ताठ बांधून ते मोकळे होतात. मग ‘टक्’ आवाज येतो, डिकी मात्र उघडत नाही. केबलला ३-४ मिलिमीटर ढिलाई ठेवली की दांडा आधी वेग घेतो आणि मग लिव्हरला झटका देतो. ओढही लिव्हरच्या सरळ रेषेत हवी. तिरकी झाली की निम्मा जोर घर्षणातच जातो.

आता वायर. बॅटरी पुढे बोनेटखाली, डिकी मागे, आणि गाडीची लांबी साधारण ४.६ मीटर. म्हणजे वायर किमान ५ मीटर लागणार. सोलेनॉइड १० अँपियर घेतो असे धरले, तर ०.७५ चौरस मिलिमीटरच्या बारीक वायरीत सुमारे १.२ व्होल्ट वाटेतच खर्च होतात, २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरीत फक्त ०.३५. फरक किरकोळ वाटेल, पण सोलेनॉइडची ओढ ढोबळमानाने प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. व्होल्टेज दहा टक्के घटले की जोर जवळजवळ वीस टक्के घटतो. अर्थसाठी पत्र्यावरचा रंग आणि गंज खरवडून चकचकीत धातूवर लग आवळा. जुन्या गाड्यांत निम्मे बिघाड तिथेच सापडतात असा माझा अनुभव आहे.

हे सगळे करताना एक गोष्ट क्षणभरही विसरू नका. सुरुवातीच्या मस्टँगमध्ये पेट्रोलच्या टाकीचा वरचा पत्रा हाच डिकीचा तळ आहे. टाकी भरण्याची नळीही डिकीतूनच जाते आणि रबरी होजने जोडलेली असते. त्यामुळे तळाला एकही स्क्रू मारायचा नाही, कुठेही ड्रिल करण्याआधी खाली काय आहे ते हाताने चाचपायचे, आणि होज चिरलेली असेल तर आधी ती बदलायची. काम सुरू करण्याआधी बॅटरीची अर्थ-केबल काढून ठेवा.

पेट्रोल इतके जवळ असल्यामुळेच रिले, म्हणजे बटणाच्या छोट्या प्रवाहावर सोलेनॉइडचा मोठा प्रवाह जोडणारा स्विच, डिकीत नको, पुढे डॅशबोर्डखाली ठेवा, कारण ठिणगी रिलेच्या संपर्कबिंदूंवर पडते. रिलेची ३० नंबरची पिन बॅटरीला जोडायची, आणि त्या वायरीवर बॅटरीच्या अगदी जवळ १५ अँपियरचा फ्यूज टाकायचा. ८७ नंबरवरून सोलेनॉइडकडे जायचे. ८५ आणि ८६ या रिलेच्या स्वतःच्या गुंडाळीच्या पिना. बटण किंवा रिमोट फक्त यांनाच वीज देतो, तीही अर्ध्या अँपियरपेक्षा कमी. सोलेनॉइडच्या दोन टोकांवर एक डायोड लावा, पट्टीची बाजू पॉझिटिव्हकडे. वीज तुटताना गुंडाळी उलटा झटका देते, तो डायोड गिळतो.

रिमोटचा रिसीव्हर घेताना तो बटण दाबलेले असेपर्यंतच चालू राहणारा आहे ना, हे पाहा. एकदा दाबून चालू आणि पुन्हा दाबून बंद होणारा घेतला, तर सोलेनॉइडमध्ये वीज वाहत राहते आणि गुंडाळी जळते. प्रत्येक वेळी संकेत बदलणारा रिमोट महाग पडतो, पण कायम एकच संकेत पाठवणाऱ्याची नक्कल सहज होते. रिसीव्हर सतत जागा असतो हेही ध्यानात घ्या. १० मिलिअँपियर घेणारा रिसीव्हर महिन्याभरात ७ अँपियर-अवर खातो. ५० अँपियर-अवरच्या बॅटरीचा हा सातवा हिस्सा झाला, आणि अशी गाडी महिना-महिना जागची हलत नाही. शिवाय रिसीव्हरची वीज आणखी एका रिलेच्या ८७ए पिनेवरून, म्हणजे गुंडाळीत वीज नसतानाच जोडलेली राहणाऱ्या पिनेवरून, घ्या आणि त्या रिलेची गुंडाळी इग्निशनला जोडा. इग्निशन सुरू होताच रिसीव्हर बंद होतो, त्यामुळे खिशातले बटण चुकून दाबले गेले तरी चालत्या गाडीत डिकी उघडत नाही.

अमेरिकेत सप्टेंबर २००१ पासून डिकी असलेल्या नव्या मोटारींना आतून उघडायचा दांडा सक्तीचा आहे, कारण मुले आत अडकून दगावली होती. जुन्या मस्टँगला तो नाही. लॅच खोललेलीच आहे, तर त्याच लिव्हरला अंधारात चमकणाऱ्या मुठीची एक साधी केबल बांधा. तिचाच एक फाटा मागच्या सीटच्या पाठीमागे आणून ठेवला, तर बॅटरी उतरल्यावर गाडीतूनही डिकी उघडता येते.

झाकण उघडे ठेवूनच वीस-पंचवीस वेळा चाचणी घ्या, आणि मगच ते पहिल्यांदा बंद करा. पत्रा गुळगुळीत दिसावा म्हणून काही जण मूळ कुलूप काढून भोक बुजवतात. तसे करू नका. चावीचे कुलूप जागेवर आणि चालू स्थितीत राहू द्या.