कोरियन नूडल्सची खरी चव तिखटात नाहीये, आणि ती आपल्या मिसळणाच्या डब्यातून १२ मिनिटांत निघते

रात्रीचे साडेअकरा वाजले होते. पुण्यातल्या आमच्या फ्लॅटवर तिघं जण एका पातेल्याभोवती बसलो होतो. पातेल्यात लालभडक कोरियन नूडल्स. एका पाकिटाला दीडशेच्या घरात पैसे गेलेले, त्यामुळे रील काढणं भागच होतं. आमचा कोल्हापूरचा रूममेट म्हणाला, "आम्हाला काय तिखटाचं कौतुक सांगता, आमच्याकडं तांबडा रस्सा पाण्यासारखा पितात."

तिसऱ्या घासाला त्याचे कान लाल झाले. पाचव्या घासाला भाऊ बेसिनपाशी होता. रील भारी झाली, लाईक पण आले, पण अर्ध्याहून जास्त नूडल्स कचऱ्यात गेल्या. आणि खरं सांगायचं तर, त्या नूडल्सची चव कशी होती हे तिघांपैकी एकालाही सांगता येईना. फक्त जळजळ आठवत होती.

तेव्हापासून डोक्यात एकच प्रश्न होता. कोरियन लोक हे रोज असंच खातात का? की आपण चॅलेंजच्या नादात भलतंच काहीतरी खातोय?

तर विषय जरा मुळापासून बघू. शेवटी घरी करायची रेसिपी पण आहे.

सुरुवात तिखटातून नाही, भुकेतून झाली

इन्स्टंट नूडल्स ही मूळची जपानची गोष्ट. १९५८ साली मोमोफुकू आंदो यांनी तळून वाळवलेल्या, गरम पाण्यात शिजणाऱ्या नूडल्स बाजारात आणल्या. त्या वेळी दक्षिण कोरिया युद्धातून सावरत होता. तांदूळ पुरत नव्हता. सोलच्या नामदेमुन बाजारात लोक अमेरिकन सैन्याच्या छावणीतून आलेल्या उरल्यासुरल्या अन्नाची पेज घ्यायला रांगा लावायचे.

असं सांगतात की जॉन जुंग-युन या उद्योजकाने ती रांग पाहिली आणि जपानच्या नूडल्स आपल्याकडे आणायचं ठरवलं. जपानी कंपनीकडून तंत्र आणि यंत्रं घेऊन १९६३ साली त्यांच्या सामयांग कंपनीने कोरियातलं पहिलं पाकीट काढलं. किंमत होती १० वॉन. कोरियन भाषेत या नूडल्सना म्हणतात राम्यॉन.

आता गंमत बघा. ते पहिलं राम्यॉन तिखट नव्हतंच. कोंबडीच्या पांढऱ्या सुपाच्या चवीचं होतं. तिखटाचा जोर पुढे वाढत गेला. १९८६ साली नोंगशिम कंपनीचं शिन राम्यॉन आलं. त्यातल्या 'शिन' या अक्षराचा अर्थच तिखट. आणि २०१२ साली सामयांगने बुल्दाक नूडल्स काढल्या. 'बुल' म्हणजे आग आणि 'दाक' म्हणजे कोंबडी. २०१४ च्या सुमारास युट्यूबवर 'फायर नूडल चॅलेंज' सुरू झालं आणि जगभरातली पोरं कॅमेऱ्यासमोर रडत रडत नूडल्स खायला लागली.

म्हणजे आपण ज्याला 'कोरियन चव' म्हणतोय, तो या सगळ्या प्रवासाचा अगदी अलीकडचा आणि सगळ्यात जास्त आवाज करणारा भाग आहे.

मग कोरियन चव म्हणजे नक्की काय?

याचं उत्तर आहे गोचुजांग. लाल मिरचीची पूड, चिकट तांदूळ, आंबवलेल्या सोयाबीनची पूड आणि मीठ एकत्र करून मातीच्या रांजणात कित्येक महिने मुरवलेली ही घट्ट चटणी. मुरताना तांदळातल्या स्टार्चची साखर होते आणि सोयाबीनमधली प्रथिनं फुटून एक खोल, मांसाच्या रश्शासारखी चव तयार होते. म्हणून गोचुजांग एकाच वेळी गोड, खारट, किंचित आंबट आणि तिखट लागतं. यात तिखटाचा नंबर पहिला नसतो.

सोयाबीनपासून अशी मुरवणं करण्याच्या कोरियन परंपरेला डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोने सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. आपल्याकडे लोणच्याच्या बरणीला जो मान, तोच तिकडे या रांजणांना.

आणि त्यात पडणारी मिरची तरी मूळची कोरियन आहे का? तर नाही. मिरची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांनी ती जहाजातून आशियात आणली. आपल्याकडे ती गोव्यातून आली, म्हणून एके काळी तिला 'गोवाई मिरची' म्हणायचे. कोरियात ती सोळाव्या शतकाच्या अखेरीस जपानमार्गे पोहोचली, असं बरेच इतिहासकार मानतात. थोडक्यात, आपला ठेचा आणि त्यांचं गोचुजांग हे लांबचे भाऊबंद आहेत.

पण इतकं तिखट खाल्ल्याने काही होतं का?

तिखट ही चव नाहीच. मिरचीत कॅप्सायसिन नावाचा पदार्थ असतो. तो जिभेवरच्या टीआरपीव्ही-१ या संवेदकाला जाऊन चिकटतो. या संवेदकाचं काम म्हणजे साधारण ४३ अंशांच्या वर तापलेलं काही लागलं की मेंदूला 'भाजतंय' असं कळवणं. कॅप्सायसिन त्याला फसवतं. म्हणून नाक गळतं, घाम फुटतो, कान लाल होतात. हा संवेदक शोधल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं.

मोठ्या, धडधाकट माणसाला बहुतेक वेळा थोडा त्रास होऊन विषय संपतो. पण प्रमाण वाढलं की प्रकरण बदलतं. जून २०२४ मध्ये डेन्मार्कच्या अन्न प्रशासनाने बुल्दाकचे तीन प्रकार बाजारातून मागे घ्यायला लावले. एका पाकिटातलं एकूण कॅप्सायसिन लहान मुलांसाठी धोक्याचं ठरू शकतं, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढच्याच महिन्यात फेरतपासणी होऊन दोन प्रकारांवरची बंदी उठली, सगळ्यात तिखट प्रकारावरची राहिली.

त्यामुळे घरातल्या आठ-दहा वर्षांच्या पोराने 'मी पण चॅलेंज करतो' म्हटलं तर ते हसण्यावारी नेऊ नका. ज्यांना ॲसिडिटी किंवा अल्सरचा त्रास आहे, त्यांनीही लांबच राहिलेलं बरं.

दुसरा मुद्दा मिठाचा. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने दिवसाला २,००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम घ्यावं, म्हणजे साधारण ५ ग्रॅम मीठ. अनेक इन्स्टंट नूडल्सच्या एका पाकिटातच हजार मिलिग्रॅमच्या वर सोडियम असतं. पाकिटाच्या मागे लिहिलेलं असतं, एकदा वाचून बघा. शाकाहारी असाल तर हिरवा ठिपका आहे की तपकिरी त्रिकोण, हेही तिथेच दिसेल.

घरी केलं की तिखट किती, मीठ किती आणि खर्च किती, हे तिन्ही आपल्या हातात येतं.

गोचुजांग नसेल तर काय?

मोठ्या शहरात आणि ऑनलाइन गोचुजांगचा डबा मिळतो. मिळाला तर उत्तमच. नाही मिळाला तरी अडत नाही. हुबेहूब गोचुजांग होणार नाही, कारण महिनोन्‌महिने मुरण्याला शॉर्टकट नसतो. पण त्या चवीच्या जवळ नक्की जाता येतं.

रंगासाठी आणि सौम्य तिखटासाठी ब्याडगी किंवा काश्मिरी मिरचीची पूड. लवंगीच्या वाटेला जाऊ नका. गोडीसाठी गूळ, मुरलेल्या खारट चवीसाठी सोया सॉस आणि आंबटपणासाठी थोडं व्हिनेगर. घट्टपणाचं काम नूडल्सचं पाणी करतं.

एका माणसासाठी लागेल काय काय?

- साध्या इन्स्टंट नूडल्सची एक वडी (आतली मसाल्याची पुडी बाजूला ठेवा) किंवा तेवढ्याच हाका नूडल्स
- ब्याडगी किंवा काश्मिरी तिखट: २ छोटे चमचे
- घरचं नेहमीचं तिखट: पाव छोटा चमचा, झेपत असेल तरच
- सोया सॉस: २ छोटे चमचे
- किसलेला गूळ: २ छोटे चमचे
- व्हिनेगर: अर्धा छोटा चमचा
- लसूण: ५-६ पाकळ्या, ठेचून
- तेल: १ मोठा चमचा
- भाजलेले तीळ आणि चिरलेली कांद्याची पात

गोचुजांग असेल तर त्याचा एक मोठा चमचा घ्या, आणि तिखट, सोया सॉस, गूळ हे तिन्ही निम्मं करा.

आता करायचं कसं?

१. वाटीत सोया सॉस, गूळ आणि व्हिनेगर कालवून ठेवा. पुढचं काम भरभर होतं, तेव्हा शोधाशोध नको.

२. नूडल्स पाकिटावरच्या वेळेपेक्षा एक मिनिट कमी उकळा. नंतर त्या सॉसमध्येही शिजणार आहेत. निथळण्याआधी अर्धी वाटी पाणी काढून ठेवा. बहुतेक जण हे पाणी ओतून देतात आणि मग सॉस नूडल्सना धरत नाही. त्या पाण्यात स्टार्च उतरलेला असतो, त्यानेच सॉस घट्ट आणि चकचकीत होतो.

३. कढईत तेल घ्या, मंद आचेवर लसूण परता. सोनेरी व्हायला लागला की गॅस बंद करा आणि मगच तिखट टाका. चालू गॅसवर टाकलं तर दहा सेकंदांत करपतं, सॉस कडू होतो आणि अख्ख्या घराला ठसका लागतो. मिरचीचा रंग आणि तिखटपणा दोन्ही तेलात उतरतात. मिसळीच्या तर्रीचं जे शास्त्र, तेच इथे.

४. लगेच वाटीतलं मिश्रण आणि बाजूला काढलेलं पाणी ओता. गॅस चालू करून मिनिटभर उकळू द्या. आता चाखून बघा. मीठ वेगळं टाकू नका, सोया सॉसमध्ये भरपूर असतं.

५. नूडल्स टाकून मोठ्या आचेवर मिनिटभर हलवा. सॉस प्रत्येक दोऱ्याला चिकटला की उतरवा. वरून तीळ आणि पात.

झालं. घड्याळ लावून बघा, १२ मिनिटांच्या आत काम होतं.

सोबत अर्धवट तळलेलं अंडं किंवा पनीरचे तुकडे घेतले तर पोटभरीचं होतं. कोबी, गाजर, मशरूम जे असेल ते लसणानंतर परतून घ्या. तिखट जास्त झालंच तर शेवटी दोन-तीन चमचे दूध किंवा एक चीज स्लाइस घाला. आणि तोंड भाजलं तर पाणी पिऊ नका. कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही, उलट पाण्याने ते तोंडभर पसरतं. दूध, दही किंवा ताक घ्या. दुधातलं केसीन हे प्रथिन कॅप्सायसिनला धरून जिभेवरून उतरवतं.

परवा याच पद्धतीने फ्लॅटवर नूडल्स केल्या. कोल्हापूरकर आधी लांबूनच बघत होता. मग एक घास घेतला, मग दुसरा, आणि मग पातेलंच ओढून घेतलं. रील कोणीच काढली नाही, हात रिकामे नव्हते. शेवटी तो इतकंच म्हणाला, "च्यायला, हे गोड पण लागतंय की."