लुगड्यावर चालेल का?

मानवतहून पुण्या-मुंबईच्या प्रदर्शनाला जायचं म्हटलं, की आपल्या गटात पहिला प्रश्न येतो, "ताई, लुगड्यावर चालेल का?" मागच्या खेपेला एकीने एवढ्यासाठीच नाव मागं घेतलं. म्हणून आज आम्ही पंडिता रमाबाईंची गोष्ट सांगतो.

१८८२ मध्ये रमाबाईंचे पती वारले. पदरात लहानगी मनोरमा. पुढच्याच वर्षी लेकीला घेऊन त्या बोटीने इंग्लंडला गेल्या. भाड्याला पैसा कुठला? स्वतः लिहिलेल्या 'स्त्रीधर्मनीति' या पुस्तकाच्या विक्रीचा. म्हणजे आपल्यासारखीच, स्वतःच्या कमाईची सोय.

त्यांना डॉक्टर व्हायचं होतं; पण ऐकायला कमी येई, म्हणून ते राहिलं. त्या खचल्या नाहीत. चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजात शिकल्या आणि तिथेच संस्कृत शिकवू लागल्या. इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म घेतला, तरी पांढरी साडी आणि शाकाहार सोडला नाही. पुढे अमेरिकेतही भाषणं केली आणि १८८९ मध्ये मुंबईत 'शारदा सदन' काढलं.

थंडी असली तर शाल, स्वेटर घ्यावाच. पण लाज कशाची? गिऱ्हाईक आधी माल बघतं, भाव विचारतं. वजन, भाव, हिशोब तोंडपाठ ठेवा. ज्या लुगड्यात आपल्याला मोकळं वाटतं, तेच नेसा.

पुढच्या प्रदर्शनाला कोण येणार? येत्या बैठकीत नाव सांगा. दिलेलं नाव मात्र मागं घ्यायचं नाही.