जुन्या ट्रॅक्टरवर छत बसवताना

जुन्या ट्रॅक्टरवर छत किंवा केबिन बसवताना दोन वेगळ्या गरजांचा विचार करावा लागतो. पहिली, चालकाला ऊन-पावसापासून आडोसा देण्याची. दुसरी, ट्रॅक्टर उलटला तर त्याचा जीव वाचवण्याची. वेल्डिंगच्या दुकानात बनणारे साधे हूड पहिली गरज भागवते. दुसरीसाठी निराळ्या ताकदीचा सांगाडा लागतो. हा फरक कळला नाही, तर डोक्यावर छत आहे म्हणून चालक निर्धास्त होतो आणि धोका वाढतो.

शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्यातले सह्याद्रीच्या पायथ्याचे भाताचे तालुके. येथे पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि आवणीपूर्वीची चिखलणी भर पावसातच उरकावी लागते. उन्हाळ्यात हेच ट्रॅक्टर वीटभट्ट्यांची माती आणि विटा वाहतात. खाचरांचे भिजलेले बांध, उतारावरच्या कच्च्या वाटा आणि चिखलात रुतणारी चाके यांमुळे ट्रॅक्टर उलटण्याची भीती कायम असते.

महिंद्रा बी-२७५ किंवा मॅसी फर्ग्युसन १०३५ यांसारखे जुने ट्रॅक्टर उघडेच येत. बी-२७५ हे मूळचे इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ब्रिटनमधल्या ब्रॅडफर्ड कारखान्याचे मॉडेल. भारतात ते इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडियाने बनवले. महिंद्रा, व्होल्टास आणि इंटरनॅशनल हार्वेस्टर यांच्या भागीदारीतून ही कंपनी १९६३ मध्ये उभी राहिली. ब्रिटनमध्ये त्या काळी अशा ट्रॅक्टरांवर कॅनव्हास आणि पत्र्याच्या केबिन वरून बसवत. थंडी-पाऊस त्यांनी अडवला, पण ट्रॅक्टर उलटला की त्या चेपत. स्वीडनने १९५९ मध्ये नव्या ट्रॅक्टरांना संरक्षक सांगाडा सक्तीचा केला. ब्रिटनमध्ये ही सक्ती १९७० पासून आली.

मागची चाके रुतलेली असताना क्लच झटक्याने सोडला, तर चाके फिरण्याऐवजी पुढचा भाग उचलला जातो आणि साधारण दीड सेकंदात ट्रॅक्टर मागे पालथा पडतो. ओढायचे वजन ड्रॉबारऐवजी वरच्या जागी अडकवले तरी हेच घडते. बांधाची कड ढासळली की तो कुशीवर जातो. उंचावर जड छत चढवले की गुरुत्वमध्य वर सरकतो आणि ही शक्यता वाढते. म्हणून छत जितके हलके तितके बरे.

बसवण्याचे काम खालून सुरू करावे. सगळा भार मागच्या ॲक्सलच्या हाउसिंगवर आला पाहिजे. मडगार्ड पत्र्याचे असतात. त्यांवर खांब उभे केले तर पत्रा फाटतो. हाउसिंग ओतीव लोखंडाचे असल्याने त्याला वेल्डिंग करू नये आणि नवी भोके पाडू नयेत; तेथूनच तडा जातो. आधीचे बोल्ट किंवा यू-बोल्ट वापरून जाड पट्टीचे ब्रॅकेट आवळावेत. हलक्या हूडखाली रबर बुश घातले की थरथर कमी होते. खांब पक्के करण्याआधी रोटाव्हेटर जोडून लिफ्ट पूर्ण वर उचलून पाहावी, स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवावे आणि चढण्या-उतरण्याची वाट मोकळी आहे ना ते तपासावे. सायलेन्सरचा धूर छताखाली कोंडता कामा नये. विजेच्या तारा, आंब्याच्या फांद्या आणि गोठ्याचे दार यांचा अंदाज घेऊन उंची ठरवावी.

छताला मागे उतार द्यावा, म्हणजे पाणी साचत नाही. पांढरा रंग ऊन परतवतो. पोकळ पाइपांची वरची तोंडे बंद करून खाली बारीक भोके ठेवावीत. आत अडकलेले पाणी पाइप आतून गंजवते. रंगापूर्वी रेड ऑक्साइडचा हात द्यावा.

काचेची बंद केबिन या हवेत सोयीची नाही. इंजिन आणि गिअरबॉक्सची उष्णता आत कोंडते, पत्रा घुमतो आणि चालकाच्या कानावर आवाजाचा मारा वाढतो. बाजू मोकळ्या ठेवून गुंडाळता येणारे रेक्झिनचे पडदे लावणे येथे अधिक योग्य.

संरक्षक सांगाड्याची गोष्ट वेगळी आहे. तो किती भार सोसून किती वाकेल, हे प्रमाणित चाचणीने ठरते. ट्रॅक्टरांच्या अशा चाचण्या मध्य प्रदेशातील बुदनीच्या केंद्रीय संस्थेत होतात. त्यामुळे आपल्या मॉडेलसाठी तपासलेला तयार सांगाडाच घ्यावा. त्यावर नंतर वेल्डिंग करू नये. त्याच्यासोबत सीट बेल्ट बांधणे आवश्यक आहे, नाहीतर चालक सांगाड्याबाहेर फेकला जाऊन त्याच्याखालीच सापडू शकतो. नुसते हूड असेल तर मात्र बेल्ट लावू नये, कारण तो चालकाला चेपणाऱ्या ट्रॅक्टरला जखडून ठेवतो.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनाच्या नोंदणीतला तपशील बदलेल असा फेरबदल परवानगीशिवाय करता येत नाही. काम सुरू करण्याआधी आरटीओ कार्यालयात आणि विमा कंपनीकडे विचारणा करावी.

पहिल्या दिवसाच्या कामानंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळावेत. त्यानंतर दर चिखलणीच्या आधी आणि नंतर जोड, तडे आणि गंज तपासावा. पैसे थोडे असतील तर आधी सांगाडा आणि बेल्ट घ्यावा, छत पुढच्या हंगामात त्यावर चढवता येते.